विश्लेषण : करार संपला, तरी ‘फक्त दोन आठवडे काम कर’, परदेशातल्या या दोन आठवड्यांची जोखीम कोणाची?

“शुक्रवार तुझा शेवटचा दिवस आहे, माहितेय. पण पंधरा दिवसांत प्रोजेक्ट लाइव्ह जातोय. तेवढं बघून घेशील ना?”

परदेशात नोकरी करणाऱ्या अनेकांना हा मेसेज ओळखीचा वाटेल. कधी तो टेक्सासमधल्या सॉफ्टवेअर कंपनीतून येतो, कधी दुबईतल्या बांधकाम साइटवरच्या मॅनेजरकडून, तर कधी सिंगापूरच्या बँकेतल्या टीम लीडकडून. विचारणाऱ्याच्या मनात काळेबेरे असतेच असे नाही. काम आपणच उभे केलेले असते, ते अर्धवट सोडणे बरे वाटत नाही आणि पुढच्या नोकरीसाठी त्याच मॅनेजरच्या शिफारशीची गरज असते. त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते.

हीच परिस्थिती पुण्यात किंवा ठाण्यात उद्भवली तर वाद होईल तो फार तर पैशांचा. दोन आठवड्यांचे पैसे मिळाले की विषय संपला. परदेशात मात्र त्याच दोन आठवड्यांमुळे व्हिसा, पुढची नोकरी आणि काही देशांत थेट तुरुंगापर्यंत प्रश्न जाऊ शकतो. शिवाय ही सगळी जोखीम ज्याच्यावर येते, तो टेबलावरचा सर्वांत कमजोर माणूस असतो. म्हणूनच करार संपल्यानंतरच्या या मधल्या दिवसांचा हिशेब नीट समजून घेणे गरजेचे आहे.

एक नोकरी, दोन घड्याळे

परदेशातल्या नोकरीत एकाच वेळी दोन घड्याळे चालू असतात. पहिले कराराचे. ते तुम्ही आणि कंपनी यांच्यातले आहे. पगार, सुट्ट्या, नोटीस पिरियड, ग्रॅच्युइटी हे सगळे त्यात येते. दोघांनी ठरवले तर हे घड्याळ पुढे-मागे करता येते.

दुसरे घड्याळ परवान्याचे. ते तुम्ही आणि त्या देशाचे सरकार यांच्यातले आहे. कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती तारखेपर्यंत काम करायचे हे त्यात लिहिलेले असते. तुमच्या मॅनेजरला हे घड्याळ एक मिनिटही पुढे सरकवता येत नाही.

अडचण अशी की ‘दोन आठवडे थांब’ असे सांगणारा माणूस पहिल्या घड्याळाबद्दल बोलत असतो आणि आपण ते दोन्हींना लागू आहे असे समजतो. त्यात ‘ग्रेस पिरियड’ या शब्दाने गोंधळ आणखी वाढतो. आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर कोणाची नोकरी गेली की पहिला दिलासा हाच असतो, ‘अजून ग्रेसमध्ये आहेस ना, मग काय टेन्शन?’ टेन्शन आहे. ग्रेस पिरियड ही सहसा देशात थांबण्याची मुभा असते. काम करण्याची मुभा त्यात आपोआप येत नाही.

अमेरिकेतले ६० दिवस नेमके कशाचे?

एच-१बी व्हिसावर असलेल्यांची नोकरी मुदतीआधी संपली तर त्यांना जास्तीत जास्त ६० दिवस अमेरिकेत राहता येते. हा नियम १७ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्याआधी असा ठरावीक काळच नव्हता. नोकरी संपली की त्या व्हिसावरचा दर्जाही संपत असे. त्या मानाने ६० दिवस ही मोठी सुधारणा आहे. मात्र त्यात चार अटी आहेत.

पहिली, ६० दिवस किंवा आय-९४ नोंदीवरची शेवटची तारीख, यांपैकी जे आधी येईल ते. समजा तुमचा शेवटचा पगारी दिवस ३१ मार्च आहे. ६० दिवस ३० मेला संपतात. पण आय-९४ वर १० मे ही तारीख असेल, तर तुमची मुदत १० मेलाच संपते.

दुसरी, दिवस मोजायला सुरुवात होते ती साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नोकरी जाताना एकरकमी भरपाई मिळाली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम खात्यात आली, तरी दिवस ६०च.

तिसरी, ही मुदत हक्काची नाही. ती कमी करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार अमेरिकी प्रशासनाने नियमातच स्वतःकडे ठेवला आहे.

चौथी आणि आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे, स्वतंत्र परवानगी असल्याशिवाय या ६० दिवसांत काम करता येत नाही.

आता यातली खरी मेख पाहा. एच-१बीवाल्यांना अमेरिकी कायद्याने २००० साली एक मोठी सोय दिली. नव्या कंपनीने तुमच्यासाठी याचिका दाखल केली की तिच्या मंजुरीची वाट न पाहता तुम्ही नव्या नोकरीवर रुजू होऊ शकता. नोकरी गेलेल्या माणसासाठी ६० दिवसांत सावरण्याचा हाच खरा मार्ग आहे. पण ही सोय मिळण्यासाठी कायद्यात एक अट आहे. अमेरिकेत कायदेशीर प्रवेश केल्यानंतर आणि ही याचिका दाखल होण्यापूर्वी त्या व्यक्तीने विनापरवाना काम केलेले नसावे.

म्हणजे जुन्या मॅनेजरची अडचण सोडवायला केलेले पंधरा दिवसांचे काम नव्या नोकरीचा दरवाजा बंद करू शकते. पुढे कधी ग्रीन कार्डचा अर्ज भरायची वेळ आली, तर ‘परवानगीशिवाय काम केले आहे का’ हा प्रश्न तिथेही समोर येतोच.

‘मी पैसेच घेतले नाहीत’ म्हटले तर?

हा युक्तिवाद फार प्रचलित आहे आणि फार कच्चा आहे. पगार घेतला नाही म्हणून कामाचे ‘मदत’ होत नाही. जे काम एरवी पगार देऊन करून घेतले जाते, तेच काम त्याच कंपनीसाठी फुकट केले तर अधिकारी त्याकडे संशयानेच पाहतील. काम झाल्याचा पुरावाही सगळीकडे असतो. कोड कमिटची वेळ, मीटिंगचे निमंत्रण, मेलवरची तारीख, साइटच्या गेटवरची नोंद, हे काहीच पुसता येत नाही.

दुसरी पळवाट ‘कन्सल्टंट’ची. नोकरी ३१ मार्चला संपली आणि १ एप्रिलपासून तोच माणूस तेच काम करून बिल पाठवू लागला. भारतात हे रोज घडते. एच-१बी मात्र कंपनी आणि कर्मचारी या नात्यावर उभा आहे. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करण्याची परवानगी त्यात नाही.

आखातात काय होते?

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या घरांसाठी अमेरिकेपेक्षा हा प्रश्न जवळचा आहे. तिथली किती तरी घरे दुबई, कुवेत, कतारच्या पगारावर उभी राहिली आहेत. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने येथे फक्त संयुक्त अरब अमिरातीचे, म्हणजे दुबई-अबुधाबीचे उदाहरण घेऊ.

तिथे खासगी क्षेत्रासाठीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. कराराची मुदत संपली, नवा करार झाला नाही आणि तरीही दोन्ही बाजूंनी काम सुरू ठेवले, तर जुना करार त्याच अटींवर पुढे चालू राहिला असे मानले जाते. म्हणजे पहिल्या घड्याळापुरती कामगाराची बाजू कायद्याने सांभाळली आहे. त्या दिवसांचा पगार मागण्याचा त्याला हक्क आहे.

पण दुसरे घड्याळ वेगळेच. वर्क परमिट संपले किंवा रद्द झाले असेल तर करार पुढे चालू असल्याचा आधार पुरेसा ठरत नाही. विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला होणारा दंड २०२४ मध्ये वाढवून १ लाख ते १० लाख दिरहम करण्यात आला. मालकासाठी हा पैशांचा प्रश्न आहे. कामगारासाठी मात्र दंड आणि देशाबाहेर काढले जाण्याचा धोका आहे.

व्हिसा रद्द झाल्यावर पूर्वी साधारण ३० दिवस मिळत. २०२२ च्या व्हिसा सुधारणांनंतर व्हिसाच्या प्रकारानुसार ही मुदत कमी-जास्त आहे आणि काही प्रवर्गांना ती १८० दिवसांपर्यंत मिळते. तुमची नेमकी तारीख व्हिसा रद्द केल्याच्या कागदावर पाहा. रूममेटला किती दिवस मिळाले यावर जाऊ नका. मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड सुरू होतो.

आणखी एक जागा सांभाळण्याची आहे. कायद्यानुसार करार संपल्यापासून १४ दिवसांत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी असे सगळे देणे द्यावे लागते. किमान एक वर्ष सलग नोकरी झाली असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचे मूळ वेतन आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन, असा ग्रॅच्युइटीचा हिशेब आहे. ‘हे काम संपव, मग सगळा हिशेब एकदम करू’ असे म्हणून कामगाराला थांबवून ठेवले जाते ते याच रकमेच्या जोरावर. ‘सर्व देणी मिळाली’ या कागदावर पैसे हातात येण्याआधी सही केली, की मग हातात काहीच उरत नाही.

ऑफिसातल्या माणसाचा व्हिसा जातो, साइटवरच्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. परमिट संपल्यानंतरच्या दिवसांत परांचीवरून कोणी पडले, तर तो त्या दिवशी कामावर होता हेच आधी सिद्ध करावे लागते. गावाकडे बसलेल्या कुटुंबाने ते कसे करायचे?

सिंगापूर आणि जर्मनीचे नियम

सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास रद्द झाल्यावर साधारण ३० दिवसांचा अल्पमुदतीचा पास मिळतो. तो फक्त राहण्यासाठी असतो. वैध पासशिवाय काम केल्यास २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परदेशी कर्मचारी नोकरी सोडताना कराचा हिशेब होईपर्यंत त्याचे देणे कंपनीला रोखून धरावे लागते. म्हणजे ज्या महिन्यात हातात पैसे नसतात, नेमक्या त्याच महिन्यात कोणी तरी ‘थोडे काम कर’ म्हणते.

जर्मनीत चित्र थोडे बरे आहे. नोकरी संपल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते. ब्लू कार्ड घेऊन दोन वर्षे झाली नसतील, तर बेरोजगारीचा काळ युरोपीय नियमानुसार तीन महिन्यांपर्यंत चालतो. दोन वर्षे पूर्ण झाली असतील तर सहा महिन्यांपर्यंत. श्वास घ्यायला जागा जास्त आहे. तरीही या काळात जुन्या कंपनीचे काम सहज म्हणून करत राहणे हा त्याचा अर्थ नाही.

जोखीम एकाकडे, फायदा दुसऱ्याकडे

आता मुद्द्याचे. ‘फक्त दोन आठवडे’ यातून कंपनीला काय मिळते? अनुभवी माणसाचे काम मिळते. तिमाहीच्या हिशेबात त्याचे नाव दिसत नाही आणि परवाना वाढवण्याचा खर्च वाचतो. कर्मचाऱ्याला काय मिळते? चांगल्या शिफारशीची आशा आणि काही वेळा तेवढ्या दिवसांचे पैसे. त्या बदल्यात तो पुढची नोकरी, त्या देशातला प्रवेश आणि मुलांची तिथली शाळा पणाला लावतो.

‘मग त्याने नाही म्हणावे’ असे म्हणणे सोपे आहे. ज्याचे ग्रॅच्युइटीचे पैसे अडकले आहेत, परतीचे तिकीट कंपनीने काढायचे आहे, घराचे भाडे सुरू आहे आणि पुढच्या मुलाखतीत जुन्याच मॅनेजरला फोन जाणार आहे, तो माणूस ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. नियम मात्र दोघेही बरोबरीचे आहेत असे धरून लिहिलेले असतात.

माझे म्हणणे असे की करार संपल्यानंतरचे काम मागणाऱ्यानेच त्याचा परवाना दाखवायला हवा. ‘माझ्याकडे परवाना आहे का’ हे शोधण्याचा भार कर्मचाऱ्यावर टाकू नये. माणूस परदेशात आणताना कंपनीकडे वकील असतो, एचआर असते, पंचवीस फॉर्म असतात. तो परत जाताना त्याच कंपनीकडे एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतो. येण्याच्या दिवसाइतकीच कागदपत्रे जाण्याच्या दिवसालाही असली पाहिजेत.

सूट दिली तर गैरवापर होईल का?

कडक नियमांच्या बाजूने एक रास्त युक्तिवाद आहे. करार संपल्यावरही काम करू दिले, तर काही कंपन्या परवान्याशिवाय स्वस्तात माणसे राबवतील. त्यात तिथल्या स्थानिकांचे नुकसान आणि बाहेरून आलेल्यांचे शोषण, दोन्ही होईल. ही भीती खोटी नाही.

पण यावर तोडगा काढता येतो आणि काही ठिकाणी तो काढलेलाही आहे. अमेरिकेतच, मुदत संपण्याआधी त्याच कंपनीने वेळेत मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत कर्मचाऱ्याला २४० दिवसांपर्यंत काम सुरू ठेवता येते. म्हणजे कागदावरची तारीख आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडू शकते, हे त्या कायद्याला कळते. अमिरातीत तात्पुरत्या कामासाठी वेगळे परमिट आहे. मग नोकरी संपताना तीच कंपनी, तेच काम, तोच पगार, जास्तीत जास्त १५ दिवस आणि फक्त एकदा, अशी ऑनलाइन नोंदणी करून सूट देणे अशक्य का असावे? मर्यादा स्पष्ट असेल तर गैरवापर पकडणेही सोपे जाते.

या आघाडीवर हालचाल मात्र फारच मंद आहे. अमेरिकेत २०२२-२३ मधील नोकरकपातीनंतर ६० दिवसांचे १८० दिवस करावेत, अशी शिफारस अध्यक्षांच्या एका सल्लागार आयोगाकडून झाली होती. तिचा नियम झाला नाही.

खलाशांना जे मिळते, ते इतरांना का नाही?

करार संपतो तेव्हा माणूस घरापासून हजारो मैल दूर असू शकतो, हे एका क्षेत्राने फार आधी मान्य केले आहे. ते क्षेत्र म्हणजे जहाजे. कोकण आणि गोव्यातल्या अनेक घरांना ते चांगले माहीत आहे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. परदेशात असताना खलाशाचा करार संपला, तर त्याला जहाजमालकाच्या खर्चाने घरी पोहोचवावे, असे हा करार सांगतो. पुढे त्यात दुरुस्ती होऊन डिसेंबर २०२० पासून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. समुद्री चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी खलाशाला ओलीस ठेवले, तर दरम्यान कराराची तारीख उलटली तरी करार आणि पगार चालू राहतो.

कागदावर नियम आहेत म्हणून सगळे आलबेल होते असे नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात बंदरे बंद झाली आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले आणि काम करत राहिले. तरीही त्यांच्या बाजूने बोलायला एक आंतरराष्ट्रीय करार होता. त्याचा आधार घेऊन संघटनांना दाद मागता आली. जमिनीवर काम करणाऱ्या इंजिनीअर, नर्स, वेल्डर किंवा सुपरवायझरसाठी सर्व देशांना बांधणारा इतका तपशीलवार आणि इतका स्वीकारला गेलेला करार नाही.

भारत काय करू शकतो?

परदेशातला नियम आपण बदलू शकत नाही. पण जाणाऱ्या माणसाला तयार करणे आपल्या हातात आहे. इमिग्रेशन चेक लागू असलेल्या १८ देशांत जाणाऱ्या कामगारांसाठी ई-मायग्रेट यंत्रणा आहे, निघण्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण आहे आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. या प्रशिक्षणात पहिल्या दिवसाइतकाच शेवटचा दिवसही शिकवला पाहिजे. विमा दोन किंवा तीन वर्षांचा असतो. म्हणजे दोन वर्षांच्या कराराबरोबर तोही संपू शकतो आणि मधल्या दिवसांत अपघात झाला तर संरक्षण उरत नाही. विम्याची तारीख कराराच्या पुढे किमान काही महिने असावी, एवढा साधा बदलही उपयोगी पडेल.

दुसरी त्रुटी शिकलेल्यांची. दहावी उत्तीर्ण झालेला माणूस सर्वसाधारणपणे या तपासणीच्या बाहेर असतो. तो शिकलेला आहे, त्याला सगळे कळते असे गृहीत धरले आहे. पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत व्हिसाच्या अटी वाचायला कोणी शिकवत नाही. आमच्या कॉलेजात प्लेसमेंट सेल होता, ऑफर लेटर कसे वाचायचे याचे मार्गदर्शन होते. नोकरी संपताना काय करायचे यावर एक तासही नव्हता.

मग हँडओव्हर करायचाच नाही का?

करायचा. पण तीनपैकी एका रस्त्याने.

पहिला, शेवटची तारीखच पुढे ढकलून घ्या. कंपनीला दोन आठवडे हवे असतील तर तिने नोकरी दोन आठवडे उशिरा संपवावी. परवाना तोवर वैध असेल, पगारपत्रकावर नाव असेल आणि काम परवान्यात लिहिलेलेच असेल, तर तुम्ही नोकरीतच आहात. सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच. त्यासाठी एचआरचा एक मेल पुरतो. मॅनेजरचा तोंडी शब्द पुरत नाही.

दुसरा, त्या कामासाठी योग्य परवाना कंपनीने काढून द्यावा. परवाना हातात आल्यावर काम सुरू करा, आधी नाही.

तिसरा, भारतात परत येऊन करा. भारतीय नागरिकाला पुण्यात बसून कॉलवर माहिती द्यायला कोणाच्या वर्क परमिटची गरज नाही. मात्र त्यासाठी लेखी करार हवा, दर ठरलेला हवा आणि ग्राहकाचा डेटा देशाबाहेरून हाताळायला कंपनीची परवानगी हवी. भारतात बसून केलेल्या या कामाचे उत्पन्न भारतात करपात्र ठरते, त्यामुळे सीएला आधीच विचारा.

शेवटच्या दिवसाआधी हे तपासा

• परवान्यावरची, पासवरची किंवा आय-९४ वरची तारीख कोणती? करारावरची तारीख वेगळी आहे का?

• कंपनी परवाना कोणत्या दिवशी रद्द करणार आहे? ती तारीख मेलवर मागा.

• परतीचे तिकीट कोण काढणार? एच-१बीमध्ये मुदतीआधी कंपनीने काढून टाकल्यास परतीचा वाजवी प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असतो. राजीनामा दिल्यास तो मिळत नाही आणि कुटुंबाचा खर्च त्यात येत नाही.

• आरोग्य विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो?

• देणी मिळाल्याच्या कागदावर सही करण्याआधी पैसे खात्यात आले आहेत का?

• पगाराच्या स्लिप, करार, अनुभवाचे पत्र स्वतःच्या मेलवर आहे का? ऑफिसचा मेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो.

• अडचण आलीच तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. अडलेल्यांसाठी तात्पुरता निवारा, तिकीट आणि कायदेशीर मदत यांचा खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून करता येतो.

आणि तो मेसेज आलाच, तर उत्तर असे देता येईल : “नक्की करतो. माझी शेवटची तारीख दोन आठवडे पुढे घेतल्याचा एचआरचा मेल पाठवा.” यात उद्धटपणा काहीच नाही. कंपनीला ते काम खरोखर महत्त्वाचे असेल तर मेल तासाभरात येईल. मेल आला नाही, तर तुमचे दोन आठवडे कंपनीच्या लेखी किती मोलाचे आहेत तेही तुम्हाला कळेल.